खातेदार कालच येऊन गेल्या

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर वाचा. नाही पटली तरी वाचा... फक्त वाचून झाल्यावर भर दुपारी घरात एकटं बसू नका.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते. पिंपळ लागतो. कुत्री रडावी लागतात. आमच्या अंकिताच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. जे झालं ते टळटळीत दुपारी झालं. दौंडला, स्टेशनजवळच्या एका नेट कॅफेत. बाहेर पेरूवाला ओरडत होता आणि आत...

आत काय होतं ते सांगतेच.

साल दोन हजार सात. दिवाळी नुकतीच झाली होती. पाटसच्या बाजूला उसाला कोयता लागला होता.

अंकिता माझी मावसबहीण. माहेर शिरूर तालुक्यातलं. दहावी पास झाली, पुढचं कॉलेज लांब म्हणून घरी बसली, आणि मग बिजवराला दिली. पाटसजवळच्या वस्तीवर. नवरा हनुमंत कारखान्यात कामाला. त्याच्या आज्यापर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारं घर. आता मेंढरं गेली, ऊस आला, डोक्यावर स्लॅब आला. देव मात्र तेच राहिले आणि रीतीही त्याच.

हनुमंताची पहिली बायको मोनिका. ती तापानं गेली. चार दिवसांचा ताप आणि बाई संपली. मागं एक पोरगी. अजून नीट चालतही नव्हती.

लग्नाच्या दिवशीच सासूनं, म्हाळसाबाईनं, अंकिताच्या गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी चांदीचा टाक बांधला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. नवी साडी आधी तिला दाखवायची. सणाचा पहिला घास तिला. म्हणजे ती कोपत नाही.

अंकिता हसून सांगायची, "नवऱ्यापरीस हीच जास्त येळ गळ्यात आसती बाई."

पण म्हाळसाबाई एवढ्यावर थांबली नव्हती. नवी सून यायच्या आधी तिनं मोनिकाच्या साड्या वाटून टाकल्या होत्या. आणि घरातले तिचे सगळे फोटो, लग्नाच्या अल्बमसकट, फडक्यात बांधून दौंडच्या पुलाखाली भीमेत सोडले होते.

सगळे. एकही ठेवला नाही.

"मागं तोंड दिसत ऱ्हायलं तर माणूस वाट सोडत न्हाई," हे तिचं म्हणणं. ती दुष्ट नव्हती. भित्री होती. भित्रं माणूस काय काय करतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

पोरीचं नाव नकुशी. थोरल्या दिराला तीन मुली, ही घरातली चौथी. म्हणून आजीनंच ठेवलं. मोनिकाला ती आई म्हणायची, म्हणजे तशी आठवण तिला काहीच नव्हती, नुसता शब्द होता. अंकिताला मम्मी म्हणायची.

एक दिवस न्हाऊ घालताना नकुशीनं अंकिताच्या गळ्यातला टाक हातात धरला. उलटा केला. सुलटा केला.

"मम्मी, आई अशी व्हती?"

"व्हय."

"हिला तर तोंडच न्हाई."

अंकितानं निरखून बघितलं. खरंच होतं ते. दोन टिंबं डोळ्यांची, एक रेघ नाकाची. सोनाराकडं असे टाक ढिगानं असतात. कुणाच्याही बायकोचे चालतील असे.

त्या दिवशी तिच्या मनानं घेतलं. पोरीला आईचं तोंड दाखवायचं.

पण आणायचं कुठून? भीमेतून?

---

भाऊबीजेला संपत आला. मोनिकाचा धाकटा भाऊ, शिरूरकडं कंपनीत कामाला होता. बहीण गेली तरी त्यानं हे घर सोडलं नव्हतं. अंकिताकडूनच ओवाळून घ्यायचा, तिलाच ताई म्हणायचा.

ओवाळून झाल्यावर अंकितानं हळूच विचारलं. "तुमच्या घरी ताईचा एखादा फोटो आसंल की."

"पुराच्या वक्ताला घरात पाणी शिरलं व्हतं. एकबी ऱ्हायला न्हाई." संपत घुटमळला. मग म्हणाला, "पण ताईचं नेटवर हायेत."

"कशावर?"

संपतनं सांगितलं ते असं. मोनिकानं लग्नानंतर दौंडला कंप्युटरचा कोर्स केला होता. पोरगी झाल्यावर तिनं संपतचा डिजिटल कॅमेरा मागून नेला. कार्ड भरलं की कॅफेत जायची, फोटो एका फुकटच्या साईटवर चढवायची, कार्ड रिकामं करायची. साईटवर तिचं खातं होतं, खात्यात अल्बम होता.

"म्हणायची, संप्या, हितं ठिवल्यालं कुणाला जाळता येत न्हाई, बुडवता येत न्हाई. मी लई डाव उघडाया बघितलं. पासवर्डच ठावं न्हाई."

म्हाळसाबाई दारातच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं.

"कुठं हायेत म्हनला फोटो?"

"अमेरिकेत आसतील आत्याबाई, कंपनीच्या कंप्युटरात," अंकिता म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या मग अमेरिकेतच. अंकिता, गेलेल्या बाईला हाक मारू नगं. आली तर मोकळ्या हातानं जायाची न्हाई. पोरीला घिऊन जाईल."

अंकिता निरांजन विझवत म्हणाली, "तिची पोर हाय आत्याबाई. तिला वाटलंच तर ती बघाया येईल. चोरायाला कशाला येईल?"

रात्री हनुमंत जेवताना एकच वाक्य बोलला. ताटाकडं बघून.

"मिळाला फोटू, तर मलाबी दाव."

---

बाजाराच्या दिवशी अंकिता नकुशीला घेऊन एसटीनं दौंडला गेली.

कॅफेचा मालक सत्यजीत. तिशीचा, चष्मेवाला, जिभेला हाड नसलेला माणूस. आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक कंप्युटर.

"मोनिकाताई? व्हय तर! हितंच बसायच्या, तीन नंबरला. पडदा लावून बसायच्या आन् पोरीला मांडीवर दूध पाजत फोटो चढवायच्या. मी म्हणायचो, ताई, पोरगी नेटवर मोठी व्हायची तुमची."

तो तीन नंबरला बसला. साईट उघडली. नावाच्या जागी नुसतं पहिलं अक्षर दाबलं...

मोनिकाचं पूर्ण नाव आपोआप खाली आलं.

"आयला. अजून हाय मशीनमदी." तो जरा चकित झाला. "दोन डाव फॉरमॅट मारलाय मी ह्याला."

अंकिताला फॉरमॅट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मग पुढचं करा की दादा."

पासवर्ड तर कुणालाच येत नव्हता. मग सत्यजीतनं दुसरी वाट धरली. पासवर्ड विसरला असेल तर साईट एक प्रश्न विचारते. खातं उघडताना तो प्रश्न आपणच लिहून ठेवलेला असतो. उत्तर बरोबर आलं की दार उघडतं.

प्रश्न आला. इंग्रजी अक्षरांत मोनिकानं मराठीतच लिहिलेला.

माझ्या लेकीचं नाव काय?

अंकिता हसली. "एवढंच व्हय?"

सत्यजीतनं टाईप केलं. नकुशी.

चूक.

त्यानं स्पेलिंग बदलून पुन्हा केलं. चूक. सोनी, बाबी, छकुली, पिंकी. लाडाची म्हणून जी जी नावं ठेवतात ती सगळी करून झाली.

चूक... चूक... चूक.

मग साईटनं खातं काही दिवसांसाठी बंद केलं.

नकुशी स्टुलावर बसून पाय हलवत होती. ती म्हणाली, "मम्मी, माझं नाव चुकलंय?"

अंकितानं तिला उचलून कडेवर घेतलं.

"वहिनी, कंपनीला मेल टाकतो," सत्यजीत म्हणाला. "खातेदार वारलीय, पोरीला फोटो पायजेत, असं लिहितो. तशी ही साईटवाली लोकं लई दिवस कुणी उघडलं न्हाई तर खातंच पुसून टाकत्यात. हे कसं टिकलंय त्याचंच मला नवल वाटतंय."

---

त्यानंतर वस्तीवर सुरू झालं.

आधी आवाज.

दुपारी सगळी उसाकडं गेलेली. अंकिता चुलीपुढं बसून तांदूळ निवडत होती.

टक... टक टक... टक.

पालीचा असेल म्हणून तिनं वर बघितलं. पाल नव्हती. शेरडांकडं बघितलं. शेरडं खुराड्याकडं तोंड करून गप उभी होती. एकही रवंथ करत नव्हतं.

टक टक... टक.

तिनं हात थांबवले. श्वासही थांबवला.

आवाज तिच्या गळ्यातून येत होता.

ती दगडासारखी बसली होती. वारा नव्हता. आणि टाक आपोआप मंगळसूत्राच्या वाटीवर आपटत होता. थांबून थांबून. कुणीतरी विचार करत एका बोटानं कंप्युटरची बटणं दाबावीत, तसा.

दुसरी कुणी असती तर टाक तोडून फेकला असता. अंकितानं तो मुठीत धरला. गार होता, माठाच्या पाण्यासारखा.

"सांगायचंय काय, ते नीट सांग की गं बये," ती म्हणाली. "मला तुझं कंप्युटर येत न्हाई."

टाक थांबला.

चार दिवसांनी दुसरी खूण.

अंकिता धुणं घेऊन विहिरीवरून आली. नकुशी खाटेवर नव्हती. अंगणात नव्हती. आतल्या खोलीत...

भिंतीवर जिथं पूर्वी मोनिकाचा मोठा फोटो होता तिथं रंगाचा चौकोन वेगळा दिसायचा. त्या चौकोनासमोर पोरगी दाराकडं पाठ करून उभी होती. मान जराशी मागं कललेली. कुणी केस ओढून धरल्यावर कलते तशी.

अंकितानं हाक मारली. पोरगी वळली.

तिच्या केसांची वेणी घातलेली होती. सकाळी अंकितानं नुसते बांधले होते. आणि ही वेणी साधी नव्हती. पाचपेडी. चपटी, चटईसारखी विणलेली. अंकिताला तसली येतच नव्हती.

"ही कुणी घातली?"

"आईनं."

"आगं, मी तर आत्ता आले."

"तू न्हाई मम्मी," नकुशी म्हणाली. "ती."

मागं धप्पकन आवाज झाला. म्हाळसाबाई उंबऱ्यातच खाली बसली होती. तिच्या डोक्यावरची वैरण सांडली होती.

"मोनीची वेणी हाय ही," ती कुजबुजली. "पाच पेडाची. ह्या वस्तीत तिलाच यायची."

मग ती उठली ती पोरीवर तुटूनच पडली. वेणी सोडली, कपाळभर भंडारा फासला, दंडाला काळा दोरा बांधला.

"बोलावलीस ना? आली! आज केसाला हात लावला, उद्या हाताला धरंल. पोरीला आत्याकडं धाडते केडगावला. उद्याच्या उद्या. ह्या घरात न्हाई ठिवायची."

"आत्याबाई," अंकिता म्हणाली. "वेणी घालून गेली. गळा धरून न्हाई गेली."

"तुला काय ठावं!"

"मला ठावं न्हाई. म्हणूनच तिलाच इचारून येते."

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई पोरीचं गाठोडं बांधायला घरात गेली, तेवढ्यात अंकिता नकुशीला कडेवर घेऊन डांबरीला लागली. येईल ती एसटी धरली.

जाताना तिनं मला शिरूरला एसटीडीवरून फोन केला होता. म्हणाली, "आक्का, भ्या वाटतंय. पण जातीया." मी म्हटलं, नको जाऊ. फोन कट झाला. माझं ऐकायचं नव्हतं म्हणून तिनंच ठेवला, हे ती नंतर कबूल झाली.

---

सत्यजीतचा चेहरा त्या दिवशी वेगळाच होता.

"कंपनीचं उत्तर आलंय वहिनी."

"काय म्हणत्यात?"

त्यानं छापलेला कागद काढला आणि मराठीत करून सांगितला. "म्हणत्यात... ह्या खात्याच्या खातेदार सध्या खातं नियमित वापरत आहेत. त्यामुळं दुसऱ्या कुणाला ते उघडून देता येत न्हाई. तुमची काहीतरी गफलत व्हतीय."

"वापरत आहेत?"

"पुढं लिहिलंय. खातेदार कालच येऊन गेल्या."

अंकितानं पोरीचा हात घट्ट धरला.

"मी दुसरं मेल टाकून इचारलं, कुठनं आल्या? त्यांनी नेटच्या जोडणीचा नंबर धाडला." सत्यजीतनं तीन नंबरच्या कप्प्याकडं बोट केलं. "माझ्याच कॅफेचा नंबर हाय तो. आन् त्यांनी जी वेळ सांगितलीया ना वहिनी, त्या वेळंला लोडशेडिंग आसतं. शटर खाली आसतं. आत कुणीच नसतं."

बाहेर पेरूवाला ओरडत होता.

"खातं उघडलंय का परत?" अंकितानं विचारलं.

"उघडलंय. पण आता एकच संधी हाय. ह्या डावाला चुकलं तर कायमचं कुलूप. माझं ऐकाल तर..."

"लावा."

तीन नंबर. तोच प्रश्न. माझ्या लेकीचं नाव काय? खाली रिकामी चौकट, चौकटीत उघडझाप करणारी रेघ.

सत्यजीत उठला, अंकिता खुर्चीत बसली. नकुशी मांडीवर.

आणि लाईट गेली.

सगळ्या मशीनींच्या बॅटऱ्या एकदम किंचाळल्या. टीं टीं टीं. गिऱ्हाइकं चरफडत उठली, बाहेर पडली. "आज लवकरच घालवली मेल्यांनी," म्हणत सत्यजीत फ्यूजचा डबा बघायला मागच्या बोळात गेला.

टीं टीं बंद झालं. पंखे थांबले.

पडदे थंड पडले. अंधुक उजेड, प्लायवूडचा वास.

मग अंकिताच्या लक्षात आलं... पेरूवाल्याचा आवाजही थांबलाय. रिक्षा नाही. स्टेशनची अनाउन्समेंट नाही. भर दुपारी, दौंडच्या रस्त्यावर एक आवाज नाही.

समोरच्या काळ्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं. मांडीवर नकुशीचं.

आणि खांद्यामागं...

तिसरं.

तोंड दिसत नव्हतं. नुसता डोक्यावरचा पदर आणि कानाशेजारून खाली आलेली वेणी. चपटी.

अंकिताची मागं वळायची हिंमत झाली नाही, हे तिनं मला स्वतः सांगितलंय. पण तिनं पोरीला दोन्ही हातांनी आवळून धरलं, आणि काचेकडं बघून बोलायला लागली.

"आलीस? बरं झालं. आता ऐक. पोरगी तुझी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तिचं गू-मूत मी काढलंय. तापात रात्र रात्र मी बसलीया. तिला न्ह्यायाची भाषा करायची न्हाई. तुला गळ्यात घिऊन हिंडती मी, घास देती, साडी दावती. कवा कुरकूर केली का? तवा आज तू मला द्यायचं. तुझं तोंड दे पोरीला. बाकी काय नगं."

काहीच झालं नाही.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग पडदा उजळला.

लाईट नव्हती. पंखा बंद होता. टेबलाखालचा कंप्युटरचा डबा मेलेला होता. आणि तीन नंबरचा पडदा हळूहळू, चुलीतला विस्तव फुंकल्यावर उजळतो तसा उजळला. तोच प्रश्न. तीच चौकट.

नकुशी खुदकन हसली. मान तिरकी करून. कानाला गुदगुल्या झाल्यासारखी.

"काय गं? काय झालं?"

"मला बानू म्हणतीया," पोरगी म्हणाली.

बानू!

अंकिताला एका क्षणात उमगलं. हे नाव कुणालाच का सुचलं नाही ते. खंडोबाची पहिली बायको म्हाळसा. दुसरी बानू, धनगराची पोर, म्हाळसेची सवत. आणि इथं घरात सासूचंच नाव म्हाळसा. म्हणून बानू हा शब्दच त्या घरात कुणी काढत नव्हतं. जागरणात बानूचं गाणं सुरू झालं की म्हाळसाबाई उठून बाहेर जायची. पोरीला ते नाव ठेवणं तर दूरच.

अंकितानं एक बोट पुढं केलं. दहावीपर्यंतची इंग्रजी अक्षरं तिला येत होती. शोधून शोधून तिनं बटणं दाबली.

टक... टक टक... टक.

चौकट नाहीशी झाली.

अल्बम उघडला. आधी नुसती रिकामी घरं, प्रत्येकात एक लाल फुली. मग पहिल्या घरातली फुली गेली आणि फोटो वरून खाली उतरू लागला. एकेक रेघ करत.

पदराचा काठ. भांग. रुंद कपाळ. कुंकू.

डोळे.

मग हसणारं तोंड. पुढच्या दोन दातांत फट. अगदी नकुशीच्या दातांत आहे तशीच.

पोरीनं काचेवर हात ठेवला.

"मम्मी, हिला तोंड हाय!"

अंकिता रडत होती. रडत रडतच तिनं पुढचे फोटो बघितले. मोनिका आणि तान्ही पोर. बारशाचा पाळणा. शेरडाच्या पाठीवर बसवलेली पोर. लहान लहान, साधे, थोडे हललेले फोटो.

आणि शेवटचा.

शेवटच्या फोटोत खाट होती. खाटेवर नकुशी झोपलेली. तान्ही नव्हे. आत्ताची, एवढी मोठी. अंगावर याच दिवाळीला घेतलेली चादर. शेजारी, पोरीच्या अंगावर हात टाकून, अंकिता स्वतः.

खाटेच्या पायथ्याशी उभं राहून कुणीतरी काढला होता तो.

अंकितानं वाकून बघितलं. फोटोतल्या अंकिताच्या गळ्यात मंगळसूत्र होतं.

टाक नव्हता.

तिचा हात गळ्याकडं गेला. टाक जागेवरच होता, आणि त्याच क्षणी लाईट आली. पंखे गरगरले. पेरूवाला ओरडला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. बंद मशीन नव्यानं सुरू होताना धावतात तशी.

"वहिनी? अंधारात बसलात व्हय?" सत्यजीत आत आला. तिच्या तोंडाकडं बघून थांबला.

"बानू घाला," अंकिता म्हणाली. "उत्तर बानू हाय."

त्यानं घातलं. उघडलं. सगळे फोटो होते. खाटेवरचा नव्हता.

---

सत्यजीतनं सीडी करून दिली. स्टेशनसमोरच्या स्टुडिओत अंकितानं एक फोटो मोठा करून घेतला, फ्रेमसकट.

घरी म्हाळसाबाई गाठोडं मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसली होती. अंकितानं तिच्या देखत, भिंतीवरच्या त्या चौकोनात खिळा ठोकला आणि फोटो लावला.

"काढ त्यो," म्हाळसाबाई तोंड फिरवून म्हणाली.

"न्हाई काढायची. आन् पोरगी केडगावला जायाची न्हाई. आन् तिचं नाव बानू हाय."

म्हाळसाबाईच्या मांडीवरचं गाठोडं खाली पडलं. "तुला कुणी सांगितलं?"

"जिनं ठिवलं तिनं."

म्हातारीनं गाठोडं उचलून पुन्हा मांडीवर घेतलं. मग हळूच बोलली. "बारशाला हट्ट धरला व्हता मोनीनं. मीच न्हाई म्हनलं. लई रडली व्हती त्या दिशी. आगं, म्हाळसा आन् बानू एका घरात नांदत न्हाईत."

"मोनिका आन् अंकिता एका गळ्यात नांदतोय की आम्ही," अंकिता म्हणाली. "तुम्हास्नी आख्खं घर पुरंना व्हय?"

त्यावर म्हाळसाबाईनं पहिल्यांदा मान वर करून फोटोकडं बघितलं. बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी हनुमंत ड्युटीवरून आला. फोटोसमोर उभा राहिला. जेवणाचा डबा हातातच होता त्याच्या. तो खाली ठेवायचं त्याला सुचलंच नाही.

पुढच्या जूनमध्ये पोरीचं नाव शाळेत घातलं. बानू हनुमंत. आजी स्वतः शाळेत गेली होती सांगायला. मास्तरांना नाव सांगताना जरा अडखळली म्हणतात, पण सांगितलं तिनंच.

इथं गोष्ट संपली असती तर मी सुखानं झोपले असते.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात सत्यजीतचा फोन आला. "वहिनी, अल्बमात एक नवा फोटो आलाय. मी न्हाई टाकला. आईशप्पथ."

त्यानं छापून ठेवला होता. मी पाहिलाय तो. माझ्या या हातात धरून पाहिलाय.

शाळेचं फाटक. बानूचा पहिला दिवस. नवा गणवेश, पाठीवर दप्तर, पोरगी समोर बघून दात दाखवून हसतेय. तिचा उजवा हात अंकिताच्या हातात.

आणि डावा...

डावा हात बाजूला वर उचललेला. मूठ मिटलेली. कुणाचं तरी बोट घट्ट धरावं तशी. त्या बाजूला कुणीच नाही.

मी अंकिताला म्हटलं, "मोनिका असेल गं. दुसऱ्या बाजूनं चालली असेल."

अंकिता म्हणाली, "व्हय, मलाबी तसंच वाटलं व्हतं."

मग आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. एकच विचार दोघींच्या मनात एकदम आला होता.

ती जर पोरीचा हात धरून चालली होती... तर समोर उभं राहून फोटो कुणी काढला?

आणि फोटो जर तिनंच काढला... तर त्या मुठीत कुणाचं बोट होतं?

मी आजही त्यावर विचार करत नाही. करायला लागले की दुपारची मागं वळून बघावंसं वाटतं. अंकिताला मी म्हटलं, जेजुरीला जाऊन ये, कुणाला तरी विचार, ते खातं बंद करून टाक.

तिनं फोटो माझ्या हातातून घेतला. पदरानं पुसला.

"कशाला बंद करायचं? आसंल कोण आसंल ते त्या अंगाला," ती म्हणाली. "ह्या अंगाला मी हाय. आन् माझ्या हातातला हात मी सोडत न्हाई."